प्रवेश आणि पूर्तता यांच्या दरम्यान

अमेरिकेतील उच्च शिक्षण मराठी वाचकाला परिचित असते ते बहुधा मोजक्या नामवंत विद्यापीठांच्या नावांमधून. मात्र त्या देशातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी साधारणपणे एक तृतीयांश विद्यार्थी ज्या एक हजारांहून अधिक कम्युनिटी कॉलेजांत शिकतात, त्यांच्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः सार्वजनिक निधीवर चालणारी, दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि व्यवसायाभिमुख प्रमाणपत्रे देणारी संस्था होय. येथे दोन वर्षांचे श्रेयांक मिळवून विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकतो आणि या वाटेला तेथे ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. नुकतीच शाळा संपवलेली मुले, नोकरी सांभाळून संध्याकाळी वर्गात बसणारे कामगार, मुले मोठी झाल्यावर शिक्षणाकडे परतलेल्या स्त्रिया, सैन्यातून निवृत्त झालेले जवान आणि इंग्रजी नव्याने शिकणारे स्थलांतरित असे सारे येथे एकाच वर्गात भेटतात. प्रवेशासाठी गुणांची अट नसणे हे या संस्थांचे मूलतत्त्व असून, प्रस्तुत ग्रंथाचा विषय त्या तत्त्वातूनच उद्भवतो: ज्याला कोणतीही अट न घालता आत घेतले, त्याने अभ्यासक्रम पूर्ण करावा यासाठी संस्थेने काय करायचे?

या प्रश्नाला कम्युनिटी कॉलेजांनी दोन प्रकारच्या सेवांनी उत्तर दिले. पहिला प्रकार अध्ययन-साहाय्याचा. त्यात विनामूल्य शिकवणी, लेखन केंद्र, गणित कक्ष, अभ्यासतंत्रांच्या कार्यशाळा, समुपदेशन आणि अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी येतात. दुसरा प्रकार चाचणी सेवांचा. त्यात विद्यार्थ्याला कोणत्या पातळीच्या वर्गात बसवावे हे ठरवणारी स्तरनिश्चिती चाचणी, शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठीची समकक्षता परीक्षा, स्वयंअध्ययनाला श्रेयांक मिळवून देणाऱ्या परीक्षा आणि वर्गातील हुकलेल्या परीक्षांची पुन्हा सोय यांचा समावेश होतो. बहुतेक ठिकाणी ही दोन कार्यालये एकाच इमारतीत, कित्येकदा एकाच प्रशासकीय विभागात असतात. तरीही गेल्या शतकभराचा इतिहास पाहता त्यांची कामे एकमेकांपासून बरीच दूर गेलेली दिसतात. चाचणीतून विद्यार्थ्याची उणीव कळावी आणि साहाय्यातून ती भरून निघावी अशी मूळ अपेक्षा होती. प्रत्यक्षात मात्र चाचणीचा निकाल हाच अनेकांच्या शिक्षणाचा शेवट ठरला. हे अंतर कसे पडले आणि ते मिटवण्याचे कोणते प्रयत्न झाले, हा या ग्रंथाचा मुख्य धागा आहे.

अपुऱ्या तयारीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न कम्युनिटी कॉलेजांहून जुना आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १८४९ मध्येच शालेय विषय शिकवणारा पूर्वतयारी विभाग उघडला होता, कारण महाविद्यालयीन अभ्यास पेलू शकतील असे विद्यार्थी त्या नव्या राज्यात पुरेसे नव्हते. पुढे १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तेथील शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या पुढाकाराने जे ज्युनिअर कॉलेज सुरू झाले, ते आजही चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांपैकी सर्वांत जुने मानले जाते. दुसऱ्या महायुद्धाने या चित्राला वेग दिला. शिक्षण अर्धवट टाकून रणभूमीवर गेलेल्यांना शालान्त पातळीचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून १९४२ मध्ये जी.ई.डी. परीक्षेची आखणी झाली, १९४४ च्या जी.आय. विधेयकाने माजी सैनिकांचा शिक्षणखर्च सरकारने उचलला आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ च्या अहवालात घराजवळच्या, सर्वांना परवडणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांचे देशव्यापी जाळे उभारण्याची शिफारस केली.

१९६० च्या दशकात हे जाळे झपाट्याने विणले गेले आणि त्याच वेळी त्याची पहिली कठोर चिकित्साही झाली. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होझे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्ये असे मांडले, की ही महाविद्यालये सर्वांना प्रवेश देतात आणि नंतर चाचण्या, पूर्वतयारी वर्ग व समुपदेशकाच्या भेटी यांच्याद्वारे अनेकांची पदवीची आकांक्षा हळूहळू निववतात. विद्यार्थ्याला कोणी नकार देत नाही, पण आपणच कमी पडलो असे त्याला वाटू लागते. या निदानावर आजही वाद होतात, मात्र ते टाळून या विषयाचा विचार करता येत नाही. दुसऱ्या बाजूला केंद्र सरकारने नागरी हक्कांच्या चळवळीच्या पार्श्वभूमीवर अल्प उत्पन्न गटांतील आणि घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘ट्रायो’ नावाने ओळखले जाणारे कार्यक्रम उभे केले. त्यांपैकी महाविद्यालयातच शिकवणी व मार्गदर्शन पुरवणारा कार्यक्रम १९६८ चा आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शहरातील प्रत्येक शालान्त पदवीधराला प्रवेश खुला केला आणि तेथे शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी हजारो निबंध तपासून १९७७ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की नवख्या लेखकाच्या चुकांमागेही एक तर्क असतो आणि तो समजून घेतला तर शिकवता येते. विद्यार्थ्याच्या चुकांकडे अपात्रतेचा पुरावा म्हणून पाहण्याची सवय मोडण्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

अध्ययन-साहाय्याची परंपरा याच काळात आकाराला आली. तिचा गाभा असा, की मदत ही शिक्षा वाटू नये आणि ती केवळ मागे पडलेल्यांची ओळख बनू नये. कॅन्सस सिटी येथील मिसूरी विद्यापीठात १९७३ मध्ये डियाना मार्टिन यांनी विकसित केलेली पूरक अध्यापनाची पद्धत हे त्याचे ठळक उदाहरण होय. या पद्धतीत ‘दुबळे विद्यार्थी’ निवडण्याऐवजी ‘अवघड विषय’ निवडले जातात, तो विषय आधी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्या वर्गात बसतो आणि तासानंतर सर्वांसाठी खुली अशी अभ्याससत्रे घेतो. शिकवणी कक्षातील कामाचेही शास्त्र बनले. प्रशिक्षित ट्यूटर समोरच्याच्या वहीवर पेन टेकवत नाही. अपूर्णांकांच्या बेरजेत अडलेल्या विद्यार्थ्याला तो आधी शेवटचे जमलेले पाऊल मोठ्याने सांगायला लावतो, छेद वेगळे असताना बेरीज का थांबते हे त्याच्याच तोंडून काढतो आणि उत्तर आल्यावर तशाच दुसऱ्या उदाहरणावर त्याला एकट्याला सोडतो. असे ट्यूटर पुष्कळदा त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी असतात आणि या कामाचे वेतन घेतात, त्यामुळे मदत घेणारा व देणारा यांच्यातील अंतर कमी राहते.

चाचणी सेवांचा विस्तार वेगळ्या गरजांतून झाला. स्वतः शिकलेल्या ज्ञानाला श्रेयांक देणारी ‘क्लेप’ परीक्षा १९६७ पासून अस्तित्वात आहे आणि कामाच्या अनुभवातून लेखापालन किंवा व्यवस्थापन आत्मसात केलेल्या प्रौढाचे तिच्यामुळे एखादे सत्र वाचू शकते. १९७३ चा पुनर्वसन कायदा आणि १९९० चा अपंगत्वविषयक कायदा यांनी समान संधी हा कायदेशीर हक्क ठरवल्यावर चाचणी केंद्राचे स्वरूपच पालटले. आज अशा केंद्रात दारापाशी ओळखपत्र तपासून मोबाइल आणि पिशवी कुलूपबंद कप्प्यात ठेवायला लावतात. आत एका खोलीत संगणकांची रांग असते आणि बाजूच्या छोट्या खोलीत कोणा अंध विद्यार्थ्यासाठी पडदावाचक सॉफ्टवेअर, कोणाला दीडपट वेळ, तर कोणाला लेखनिक अशी सोय केलेली असते. एकाच नियमाने सर्वांना मोजणे म्हणजे न्याय नव्हे, ही जाण या खोल्यांच्या रचनेतच रुजली आहे.

तरीही चाचणी सेवांचे सर्वाधिक परिणामकारक काम स्तरनिश्चितीचेच राहिले. ‘अ‍ॅक्युप्लेसर’ ही या क्षेत्रातील सर्वपरिचित चाचणी कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते. ती परिवर्ती पद्धतीची आहे, म्हणजे आधीच्या उत्तरांवरून संगणक पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवतो. वेळेचे बंधन नाही, गणिताच्या एका विभागात २० प्रश्न असतात आणि सध्याच्या आवृत्तीत गुण २०० ते ३०० या मापावर दिले जातात. बारा वर्षांपूर्वी शाळा सोडलेला एखादा गोदाम कामगार प्रवेशअर्ज भरायला येतो आणि त्याच दिवशी त्याला संगणकासमोर बसवले जाते अशी कल्पना केली, तर या व्यवस्थेतील अडचण ध्यानात येते. बीजगणिताची उजळणी त्याने केलेली नसते, या तासाभरावर आपली पुढची दोन वर्षे ठरणार आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि पडद्यावर आलेला आकडा महाविद्यालयाने ठरवलेल्या किमान गुणांपेक्षा थोडा कमी असला तरी तो श्रेयांक न देणाऱ्या वर्गात जाऊन पडतो. त्या वर्गाची फी त्याला भरावी लागते, शासकीय अर्थसाहाय्याची मुदत खर्ची पडते आणि पदवी जिथे होती तिथेच राहते.

अशा वर्गांची उतरंड दोन किंवा तीन पायऱ्यांची असे आणि तिची हानी साध्या गणिताने दाखवता येते. प्रत्येक वर्गात शेकडा ७५ विद्यार्थी उत्तीर्ण होतात आणि उत्तीर्णांपैकी शेकडा ८० पुढच्या वर्गात नाव नोंदवतात असे मानले, तर तीन पायऱ्या खालून निघालेल्या १०० विद्यार्थ्यांपैकी महाविद्यालयीन पातळीचा गणिताचा अभ्यासक्रम उत्तीर्ण होणारे सुमारे १६ उरतात. कोणत्याही एका शिक्षकाचा निकाल वाईट नसतो, कोणताही एक वर्ग निरर्थक नसतो, आणि तरीही बहुसंख्य विद्यार्थी गळतात. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये १९९६ पासून कार्यरत असलेल्या संशोधन केंद्रातील थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की पूर्वतयारी वर्गांकडे पाठवलेल्यांपैकी विषयानुसार ३३ ते ४६ टक्केच विद्यार्थी ती संपूर्ण साखळी पार करतात, आणि कित्येकजण तर नापास न होताच, केवळ पुढे नाव न नोंदवल्यामुळे बाहेर पडतात. त्याच केंद्रातील ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या संशोधनाने चाचणीच्या अचूकतेलाच हात घातला. गणिताच्या चाचणीने सुमारे एक चतुर्थांश आणि इंग्रजीच्या चाचणीने सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी गंभीररीत्या चुकीच्या पातळीवर टाकले जातात, आणि शाळेतील गुणांची सरासरी विचारात घेतली तर ही चूक कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे: शाळेचे गुण चार वर्षांची हजेरी, वेळेवर दिलेला गृहपाठ आणि चिकाटी यांचे मिळून बनतात, तर चाचणी एका सकाळची नोंद घेते.

हा आक्षेप संशोधकांच्या आधी न्यायालयात पोहोचला होता. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये लॅटिनो विद्यार्थ्यांच्या वतीने एका नागरी हक्क संस्थेने स्तरनिश्चितीच्या पद्धतीविरुद्ध दावा केला आणि १९९१ मध्ये त्यात तडजोड होऊन, चाचणीची यथार्थता तपासली पाहिजे व केवळ एका चाचणीवर निर्णय देऊ नये, ही तत्त्वे राज्याच्या नियमांत आली. नियम बदलले तरी चाल बदलायला आणखी पाव शतक जावे लागले, ही गोष्ट या क्षेत्राच्या अभ्यासकाने विसरू नये.

बदलाची खरी सुरुवात वर्गातून झाली. मेरीलँडमधील बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये २००७ मध्ये पीटर अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी लेखनात खालच्या पातळीवर पडलेल्या काही विद्यार्थ्यांना थेट महाविद्यालयीन वर्गात बसवले आणि लगेच पुढच्या तासाला त्याच शिक्षकाकडे त्यांचा छोटा गट ठेवला; पहिल्या तासाला दिलेल्या निबंधाचा मुद्दा कसा उभा करायचा, हे दुसऱ्या तासाला शांतपणे पाहता येऊ लागले. आधी तयारी आणि मग अभ्यासक्रम हा क्रम मोडून दोन्ही एकाच सत्रात देणाऱ्या या पद्धतीला या ग्रंथात ‘सहपाठ’ म्हटले आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत अलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक गट पाडून केलेल्या प्रयोगात प्राथमिक बीजगणिताच्या वर्गात ३९ टक्के, त्याच वर्गाला कार्यशाळा जोडल्यावर ४५ टक्के, तर कार्यशाळेसह थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्र घेतलेल्या गटात ५६ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. यानंतर धोरणे वेगाने बदलली. फ्लोरिडाने २०१३ च्या कायद्याने बहुतेक नव्या शालान्त पदवीधरांसाठी चाचणी आणि पूर्वतयारी वर्ग ऐच्छिक केले, टेनेसीने २०१५ मध्ये सर्व कम्युनिटी कॉलेजांत सहपाठ आणला, आणि कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्यान्वये पुराव्याचे ओझे संस्थेवर टाकले: विद्यार्थ्याला खालच्या वर्गात ठेवायचे असेल, तर त्यामुळे त्याचा लाभच होईल हे आता महाविद्यालयाला दाखवावे लागते. ‘कंपास’ ही दुसरी मोठी स्तरनिश्चिती चाचणी तिच्या चालक संस्थेने २०१६ मध्ये बंद केली.

याच सुमारास साहाय्याची व्याप्तीही वाढली. सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘असॅप’ कार्यक्रमात पूर्णवेळ अभ्यासाच्या अटीवर विद्यार्थ्याला ठरावीक सल्लागार, शिकवणी, फीमधील तुटीची भरपाई, पाठ्यपुस्तकांसाठी मदत आणि मेट्रोचा पास असे सारे एकत्र मिळते. तटस्थ संस्थेने केलेल्या यादृच्छिक चाचणीत तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण या कार्यक्रमात ४० टक्के, तर तुलनेच्या गटात २२ टक्के आढळले आणि ओहायोतील तीन महाविद्यालयांतही त्याच धर्तीचे यश मिळाले. गणिताच्या शिकवणीइतकाच मेट्रोचा पासही पदवीला हातभार लावू शकतो, हे येथे स्पष्ट झाले.

या इतिहासातून चार विचारप्रवाह वेगळे काढता येतात. पाया पक्का केल्याविना पुढे नेऊ नये असे मानणारा पूर्वतयारीवादी प्रवाह, मदत सर्वांसाठी खुली ठेवणारा अध्ययन-केंद्रवादी प्रवाह, उतरंड मोडून सहपाठाचा पुरस्कार करणारा गतिवादी प्रवाह, आणि अभ्यासक्रमापासून सल्लागारापर्यंत सारे महाविद्यालयच नव्याने रचावे असे म्हणणारा संस्थात्मक पुनर्रचनेचा प्रवाह; बेली, जॅगर्स आणि जेन्किन्स यांचे २०१५ चे पुस्तक या शेवटच्या प्रवाहाचा आधारग्रंथ समजले जाते. पूर्वतयारीवाद्यांचे आक्षेप हलके नाहीत. सहपाठामुळे उत्तीर्णांची एकूण संख्या वाढत असली तरी त्यातही नापास होणारे राहतातच. बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात करावी लागणाऱ्या प्रौढाला एक जादा तास पुरत नाही. आणि पूर्वतयारी वर्ग बंद झाले की त्याच्यासाठी महाविद्यालयात जागाच उरत नाही, असे अनुभवी शिक्षक सांगतात. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना थेट कलनशास्त्राच्या वर्गात बसवावे काय, यावर कॅलिफोर्नियात झालेला वाद याच मतभेदाची पुढची पायरी आहे. प्रस्तुत ग्रंथ गतिवाद्यांच्या पुराव्याचे वजन मान्य करतो. पण वाचलेला खर्च साहाय्यावर लावला नाही तर उतरंड मोडूनही दुबळा विद्यार्थी एकटाच पडेल, हा इशाराही तितक्याच गांभीर्याने नोंदवतो.

आज हा विषय तातडीचा होण्यास आणखी काही कारणे आहेत. २०२० च्या महासाथीत चाचणी केंद्रे बंद पडली, अनेक महाविद्यालयांना चाचणीविनाच प्रवेश द्यावे लागले आणि परीक्षा घरच्या कॅमेऱ्यासमोर गेल्या. परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीचे चित्रण करवून घेणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय ओहायोतील एका संघीय न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. त्यापाठोपाठ निबंध आणि गणिते क्षणात करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हातोहाती पोहोचली. त्यामुळे पर्यवेक्षकासमोर घेतलेल्या परीक्षेचे मोल वाढले आहे, आणि उत्तर देण्यापेक्षा उत्तराकडे नेणाऱ्या माणसाची, म्हणजेच ट्यूटरची, गरज नव्याने जाणवू लागली आहे.

मराठी वाचकाला हा अनुभव परका वाटू नये. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाद्वारे पदवीची वाट खुली केली, तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने पोटाचा प्रश्न हाही शिक्षणाचाच प्रश्न मानला. आपल्याकडील ए.टी.के.टी.ची सवलत राहिलेल्या विषयांसह विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात जाऊ देते. त्या विषयांसाठी शिकवण्याची हमी मात्र तिच्यात नसते. सहपाठाच्या अमेरिकी प्रयोगांकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते नेमके येथे आहे.

प्रस्तुत ग्रंथ कोणत्याही एका प्रारूपाची शिफारस करण्यासाठी लिहिलेला नाही. चाचणी कशी बनते, तिचे किमान गुण कोण ठरवतो, साहाय्य कक्षात नेमके काय घडते, त्याचा खर्च कोण उचलतो आणि यश कशाने मोजायचे, या प्रश्नांची उकल शिक्षक, प्रशासक आणि धोरणकर्ते यांना उपयोगी पडेल अशा रीतीने करणे हा त्याचा हेतू आहे. त्याची भूमिका मात्र स्पष्ट आहे. ज्या चाचणीच्या निकालामागोमाग मदत येत नाही ती चाचणी घेण्याचा संस्थेला नैतिक अधिकार नाही, आणि कोणाला कशाची गरज आहे हे न तपासता दिलेली मदत नेमकी गरजवंतापर्यंत पोहोचत नाही. म्हणून या दोन सेवांचा हिशेब एकाच वहीत मांडला जावा आणि वर्षाच्या शेवटी किती विद्यार्थ्यांची पातळी ठरवली याऐवजी त्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, हे प्रत्येक महाविद्यालयाने जाहीरपणे सांगावे, असा या ग्रंथाचा आग्रह आहे.